तंबूच्या आतला हात

मी रंगवलेलं कुलूप उघडायच्या नादात एका चोरानं आपल्या किल्ल्या मोडून घेतल्या होत्या. दारावरचं नव्हे, दुकानाच्या पाटीवरचं कुलूप; पाट्या रंगवणं हा माझा धंदा. ही हकिगत आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ आहे आणि तिच्यावर आजवर कोणी शंका घेतलेली नाही. पण मी रंगवलेला एक शब्द लढाईवर गेला होता आणि सैनिक त्याच्याखाली झोपले होते, असं सांगायला लागलो की तेच लोक चहाचा कप खाली ठेवून हसत. चोर त्यांच्या गळी उतरायचा, शब्द उतरायचा नाही. मग मी चिडून त्या शब्दाला थोडं तिखटमीठ लावायचो. ते आणखी हसायचे.

आमची भिंगरी घरी आली ती कॅमेरा, दिवे आणि एक घुम्या कॅमेरावाला घेऊन. भिंगरी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून हे नाव पडलं. आता केस पिकायला लागले तरी बसत नाही. ती माहितीपट करते. हा नवा माहितीपट युद्धाविरुद्ध निघालेल्या मोर्च्यांवर होता. लोक रस्त्यावर उतरले, घसे फोडले, मार खाल्ला, आणि त्यातून झालं काय, असा त्याचा सवाल. त्यातला शेवटचा भाग आमच्या गावच्या मोर्च्याचा, आणि त्या मोर्च्याची म्होरकी होती भिंगरीची आत्या, म्हणजे माझी ताई.

ताई खिडकीशी बसून उशीची खोळ शिवत होती. भिंगरीनं टेबलावर लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "आत्या, आधी शेवटचं वाक्य ऐक. मग बोलू."

लॅपटॉपातून एक भारदस्त पुरुषी आवाज आला. असा आवाज, की त्यानं वाण्याची यादी वाचली तरी माणूस उठून उभा राहील. तो म्हणाला, "या मोर्च्याचा युद्धावर काहीही परिणाम झाला नाही."

ताईची सुई थांबली नाही. "कोणाचं वाक्य हे?"

"चॅनेलच्या साहेबांचं. ते म्हणतात, बघणाऱ्याला शेवटी निकाल लागतो."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मला ते खोटं वाटतं. पण खोडून काढायला हातात काही नाही, आत्या. मोर्चा निघाला, पोलिसांनी मोडला, तुम्हा बायकांना कामावरून काढलं आणि युद्ध चालूच राहिलं. एवढंच सापडतं. महिनाअखेरीला फिल्म त्यांच्या हवाली करायची आहे."

ताईनं दोरा दातानं तोडला. तिचं आयुष्य त्या एका दिवसानं उलटंपालटं केलं होतं. कारखाना सुटला, ठरलेलं लग्न मोडलं, गल्लीतल्या बायकांनी काही वर्षं तिच्याशी बोलणं टाकलं. ते सगळं फुकट गेलं की नाही, हे आता एक परका घसा सांगणार होता. ती म्हणाली, "खरं असेल तर ठेव ते वाक्य. माझी भीड धरू नकोस. पण न शोधता ठेवलंस तर या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही."

"आत्या, मी शोधतेच आहे!"

"मग अजून शोध."

मी खाकरलो.

"तू गप्प बस," दोघी एकदमच म्हणाल्या.

पण कॅमेरावाल्यानं माझ्याकडे मोठ्या आशेनं पाहिलं, आणि समोर कॅमेरा असताना गप्प बसायला मी काही दगडाचा नाही. शेवटी भिंगरीच म्हणाली, "बरं काका, सांगा. निदान फलक कसा रंगवला ते तरी सांगा."

तर ऐका.

आमच्या गावात तंबूंचा कारखाना होता. जाडजूड खाकी कापड एका दारानं आत जायचं आणि दुसऱ्या दारानं फौजेचे तंबू होऊन बाहेर पडायचं. मधल्या लांबलचक शेडमध्ये बायका शिवायला. ताई कड्या बसवायच्या यंत्रावर होती. कापडाला भोक पाडून त्यात पितळी कडी ठोकायची, म्हणजे दोर ओवता येतो. त्या यंत्रानं एके दिवशी कापडाबरोबर ताईच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं वरचं पेरही घेतलं. ताईनं पट्टी बांधली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. कारखान्याच्या मॅनेजरनं तिला दोष दिला, कारण कापडावर डाग पडला होता.

हा मॅनेजर म्हणजे कंजूसपणाचा कळस. त्याला आम्ही चिंधीसाहेब म्हणायचो. कापडाची हातभर चिंधीसुद्धा कचऱ्यात गेलेली त्याला खपायची नाही. तुकडा लहान असेल तर ठिगळाला, त्याहून लहान असेल तर दोराच्या पिशवीला. लोक म्हणायचे, तो शिंकताना रुमाल उघडत नाही, झिजेल म्हणून. हे लोक म्हणजे मीच, पण असो.

युद्ध लांबलं. आधी ज्यांना बँड लावून पाठवलं त्यांच्यातली मुलं पेट्यांतून यायला लागली. शेडमधल्या बायकांपैकी कुणाचा भाऊ, कुणाचा मुलगा. एके दिवशी ताई यंत्र बंद करून उठली आणि म्हणाली, "मी आता त्यांना आणखी तंबू देणार नाही. मुलं परत द्या म्हणावं, तंबू मागाहून." सगळी शेड उठली. मोर्चा काढायचा ठरलं. फलक हवा होता, कापडाला काय तोटा! तंबूचंच कापड रस्त्याच्या रुंदीएवढं फाडून आणलं आणि रंगवायला मला बसवलं. 'आमची मुलं परत आणा.' माझ्याकडे लाल रंग होता, तो वापरला. अक्षरं अशी ठसठशीत, की आंधळ्यानं हात फिरवला तरी वाचता यावीत. रंग ओला होता आणि ताईला घाई होती. 'परत' या शब्दाच्या बाजूला कापडाला सुरकुती पडली होती, ती सरळ करायला तिनं सरळ पंजा टेकला. उचलला तर कापडावर तिचा हात. चार बोटं पुरी, एक अर्धं.

"पुसू?" मी विचारलं.

"राहू दे. निघायचंय."

मोर्चा बाजारापर्यंत गेला. तिथं पोलिसांनी तो कसा मोडला, हे ताईच्या खांद्याला अजून थंडीत आठवतं. बायकांना कामावरून काढलं. फलक जप्त झाला, आणि तो कारखान्याची मालमत्ता म्हणून इमानेइतबारे चिंधीसाहेबाच्या ताब्यात दिला गेला.

"आता पुढचं ऐक," मी कॅमेऱ्याला म्हणालो. "एवढं कापड बघून चिंधीसाहेबाचा जीव वर-खाली झाला. जाळायचं? शक्य नाही! त्यानं तो फलक उचलून कापायच्या टेबलावर टाकला. रंगलेली बाजू आत, खाकी बाजू बाहेर. तपासणारे तंबू बाहेरूनच तपासतात. कापायच्या टेबलावर ज्या बायका उरल्या होत्या, त्यांनी कात्री अशी चालवली की एकेक शब्द शाबूत राहिला. एका तंबूच्या छताला 'आमची', एकाला 'मुलं', एकाला 'परत'. मी तेव्हा कारखान्यात खोक्यांवर आकडे रंगवायला जायचो. या डोळ्यांनी पाहिलं. तंबू गेले लढाईवर! रात्री पलटण आडवी झाली, वर बघते तर 'परत'! सेनापती म्हणाला, हुकूम आला वाटतं. उलटा घोड्यावर बसला आणि सगळी फौज मागच्या मागं चालायला लागली. समोरच्या शत्रूला वाटलं, काहीतरी डाव आहे, तोही मागं सरकला. दोन्हीकडचे इतके मागं गेले, की पृथ्वीला वळसा घालून पाठीला पाठ लागली!"

कॅमेरावाला इतका हसला की चित्र हललं. भिंगरीनं कपाळाला हात लावला.

"काका, किती वर्षं हे ऐकतेय मी. यातलं काही म्हणजे काही वापरता येणार नाही."

"घोडा काढून टाक. बाकी खरं आहे."

"साक्षीदार?"

"कापणाऱ्या बायका. त्या आता वर गेल्या. बोलावून घेतेस?"

ताई म्हणाली, "याच्यावर विश्वास ठेवू नकोस गं. हा लहानपणी शाळेला उशीर झाला की रस्ता लांबला म्हणून सांगायचा."

सख्ख्या बहिणीनंही तो शब्द कधी मानला नाही. तिला कारखान्यात पुन्हा पाऊल टाकू दिलं नव्हतं, त्यामुळे तिनं पाहिलं नव्हतं, आणि मी पाहिलं होतं म्हणजे ते न पाहिल्यासारखंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरीनं ताईला लॅपटॉपवर माहितीपटातला दुसरा एक तुकडा दाखवला. आमच्या मोर्च्यानंतर वर्षभरानं राजधानीत एक अफाट मोर्चा निघाला होता. त्यात लढाईवरून परतलेले सैनिक पहिल्यांदा रस्त्यावर आले, आणि मग मात्र सरकारची झोप उडाली. चित्रात आवाज नव्हता. माणसंच माणसं. त्यांच्यामध्ये फौजी पँटी आणि साधे सदरे घातलेल्या तरुणांची एक रांग. त्यांनी उजवे हात वर केलेले, पंजे उघडे, फक्त पहिलं बोट मधूनच दुमडलेलं. सगळ्यांचं तेच बोट, तसंच दुमडलेलं.

"याचा अर्थ कुणालाच सांगता येत नाही," भिंगरी म्हणाली. "कुणी म्हणतं पक्षाची खूण, कुणी म्हणतं बंदुकीच्या चापावरचं बोट काढून घेतलं असं दाखवतायत. एका संशोधकानं तर यावर अख्खं पुस्तक लिहिलंय."

"आकडी आली असेल," मी म्हणालो.

मग भिंगरीनं ताईची मुलाखत सुरू केली. दिवा लावला तो नेमका ताईच्या डोळ्यांवर. कॅमेरावाला तो सरळ करायला गेला तर आणखीच जवळ आणला. ताई मुळात वैतागलेली. पोलिसांबद्दल विचारलं तेव्हा दोन शब्दांत उत्तर, लग्नाबद्दल विचारलं तेव्हा एका शब्दात. शेवटी तिनं डोळ्यांपुढे उजवा हात धरला आणि ओरडली, "पुरे! बंद कर तो दिवा आधी!"

भिंगरी जागची हलली नाही. जन्मात पहिल्यांदाच ती एका जागी स्थिर राहिलेली मी पाहिली.

"आत्या," ती हळू आवाजात म्हणाली, "हात खाली घेऊ नकोस."

"अगं डोळे जळतायत माझे!"

"दिवा बंद करा हो! आत्या, हात तसाच. तसाच ठेव."

तिनं लॅपटॉप उचलून ताईच्या हाताशेजारी धरला. पडद्यावर ती रांग थांबलेली होती. इकडे ताईचा पंजा, चार बोटं पुरी, एक अर्धं. तिकडे सगळ्या पोरांचे पंजे, चार बोटं पुरी, एक मुद्दाम अर्धं केलेलं. जन्मापासून आत्याचा हात बघितला होता तिनं. त्याच हातानं वेणी घालून घेतली, त्याच हाताचे धपाटे खाल्ले. म्हणूनच कधी दिसला नसावा.

"काका," भिंगरी माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो तंबू... घोडा सोडून परत सांगा."

खोटं कशाला बोलू, मला ते खरंच वाटेना. उभ्या आयुष्यात कुणी मला तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला लावली नव्हती.

साहेबांना मात्र ते पटलं नाही. फोनच्या स्पीकरवरून त्यांचा आवाज आला, "योगायोग आहे, बाई. बोट कुणाचंही दुमडतं. तुमच्या काकांच्या सांगण्यावर मी फिल्म उभी करू? रांगेतला माणूस आणा."

"आणते," भिंगरी म्हणाली.

"महिना संपत आलाय."

"आणते म्हटलं ना."

तिनं त्या रांगेचं चित्र वर्तमानपत्रांत, फोनवर, मिळेल तिथं टाकलं. यात तुम्ही आहात का, हात असा का धरलाय, एवढंच विचारलं. तंबूबद्दल अवाक्षर नाही, ताईबद्दल नाही. आणि मग आमच्या घराला जत्रेचं रूप आलं. जो तो म्हणे, तो मीच. एक गृहस्थ आले, ते त्या सालात जन्मलेच नव्हते. एक म्हणाले, हा वारा कुठून येतो ते बघायचा हात आहे. एकानं तर सांगितलं, की तो हात त्याच्या बायकोला खूण म्हणून होता, ती गर्दीत हरवली होती. भिंगरी रडकुंडीला आली.

ताई म्हणाली, "याला बसव पुढं. थापाड्याला थापाड्या ओळखतो."

अशी माझी नेमणूक झाली. बाहेरच्या खोलीत मी खुर्ची टाकली आणि एकेकाला आत घेऊ लागलो. माझी परीक्षा सोपी होती. थाप मारणारा माणूस गोष्ट रंगवताना समोरच्याचं तोंड बघतो, पटतंय का म्हणून. जो खरं सांगतो तो दुसरीकडेच कुठंतरी बघतो. दोन दिवस सगळे माझं तोंडच बघत होते. त्यातले काही इतके सुरेख बोलले की मला जागेवरून उठावंसं वाटेना. एकाकडून तर मी दोन गोष्टी उचलल्यासुद्धा.

तिसऱ्या दिवशी एक उंच, वाकलेला म्हातारा आला. बसमध्ये कंडक्टर होतो म्हणाला. अजूनही दोन पाय फाकवून उभा राहायची सवय, जणू घर हलतंय. मी म्हटलं, "बसा. सांगा, बोट का दुमडलंय?"

तो खुर्चीवर बसला आणि वर छताकडे बघायला लागला.

मी उठून भिंगरीला हाक मारली.

"आमच्या तंबूला आतून एक हात होता," कंडक्टर छताकडे बघतच म्हणाला. "लाल. एक बोट अर्धं. शेजारी मोठ्ठ्या अक्षरात लिहिलेलं, परत. तंबू उभा केला त्या दिवशी सगळे घाबरलो. रक्त वाटलं. मग एकानं नखानं खरवडून बघितलं, तर रंग."

भिंगरीनं कॅमेरावाल्याला खूण केली. तो केव्हाच चालू करून बसला होता.

"मग?" मी विचारलं. माझ्या तोंडून एवढा आखूड प्रश्न पूर्वी कधी निघाला नव्हता.

"मग काय! पडल्या पडल्या तेवढंच दिसायचं. वाद घालायचो, कुणाचा असेल. छोटा होता हात, बाईचा वाटायचा. एक जण म्हणायचा, तंबू शिवणारीचं बोट कापलं असेल. हळूहळू सवयच लागली. गस्तीला निघताना त्याला हात लावून जायचं. शकुन म्हणून."

आतल्या दारात ताई उभी होती. कधी आली कळलं नाही. ती कडाडली, "शकुन? अहो, तुम्ही जाऊच नये म्हणून होता तो हात! त्याच्या पाया पडून लढाईला जायला नव्हता!"

कंडक्टरनं मान खाली आणली आणि तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या हाताकडे पाहिलं. तो उठून उभा राहिला, पाय फाकवून.

"बाई," तो म्हणाला, "तुम्हीच का?"

"मीच. आणि मला सांगा, हात लावून गेलेले सगळे परत आले का?"

मी मनात म्हटलं, बाबा, हो म्हण. माझ्यासारख्यानं हो म्हणून पुढं तोफांची फुलं केली असती.

"नाही," कंडक्टर म्हणाला. "दोघं नाही आले. त्यांनीही लावला होता."

ताई खुर्चीवर बसली. कंडक्टरही बसला, आणि आता तो तिच्याकडेच बघून बोलू लागला.

"आम्हाला बँड लावून पाठवलं होतं, बाई. फुलं, झेंडे. फौजेत पत्रं तपासून यायची, त्यात सगळं छानच असायचं. आमची समजूत अशी झाली होती, की घरी सगळ्यांना आम्ही तिकडेच हवे आहोत. परत यायचं नाव काढलं तर तोंड लपवावं लागेल. आणि वर लिहिलेलं, परत. कुणीतरी लिहिलं होतं. कुणाला तरी आम्ही परत हवे होतो, आणि ते चोरून का होईना, आमच्यापर्यंत पोचलं होतं. मुदत संपून घरी आलो तेव्हा आम्ही उरलेल्यांनी ठरवलं. राजधानीत मोर्चा निघतोय, जायचं. फलक वगैरे आम्हाला काही सुचेना. म्हटलं, हात दाखवू. त्या दोघांनीही त्यालाच शेवटचा हात लावला होता, म्हणून त्यांच्या वतीनंही. आमचं बघून मागचे धरायला लागले. पुढं बाकीच्या गावांतही धरायचे म्हणे."

"आणि सेनापती?" मी विचारलं. "घोड्यावर नव्हता?"

"सेनापती आम्ही कधी बघितलाच नाही," कंडक्टर म्हणाला.

ताईनं आपला उजवा हात मांडीवर उलटा-सुलटा करून बघितला, जणू कुणी उसना नेलेला परत आणून दिला होता. मग तिनं भिंगरीला सांगितलं, "चल. तुझ्या साहेबाकडे."

साहेबांच्या ऑफिसात एवढी थंडी की माझी मिशी गोठली. गोठलीच, शपथ. मोठ्या पडद्यावर त्यांनी सगळं पाहिलं. तंबूचं ऐकलं, हात पाहिला, रांग पाहिली. माणूस वाईट नव्हता. त्यानं चष्मा पुसला. पण साहेब म्हणजे साहेब.

"विलक्षण आहे," ते म्हणाले. "हे घेऊ या. पण वाक्य राहायला हवं. आपण 'काहीही'च्या ऐवजी 'फारसा' करू. 'या मोर्च्याचा फारसा परिणाम झाला नाही.'"

"नाही," ताई म्हणाली.

"बरं, 'लगेच'? 'लगेच परिणाम झाला नाही'?"

"साहेब, तुम्ही भाजीचा भाव करताय का?"

"आजी, मग तुम्हाला काय हवं, मोर्च्यानं युद्ध थांबवलं असं? ते मला दाखवता येणार नाही."

"ते मला तरी कुठं म्हणायचंय! हा म्हणेल," तिनं माझ्याकडे बोट केलं, अर्धंच, "आणि तुम्ही त्याच्या उलटं म्हणता. दोघांनाही घाई. झालं तेवढंच बोलायचं. तो आवाजाचा माणूस कुठं बसतो?"

"तो आज नाही आलेला."

"बरं झालं. मी बोलते."

साहेबांनी भिंगरीकडे पाहिलं. भिंगरी म्हणाली, "आत्याच बोलेल. नाहीतर हा भाग काढून घेते मी, आणि सगळी फिल्मही."

ती हे इतक्या शांतपणे म्हणाली, की मला आमचा थोरला भाऊ आठवला. तो घर सोडून जाताना असाच बोलला होता. साहेब टेबलावर पेन्सिल वाजवत म्हणाले, "एकच वाक्य हं."

"दोन," ताई म्हणाली.

जाड काचेमागच्या खोलीत तिला बसवलं. कानांवर लावायला काहीतरी दिलं, ते तिनं काढून ठेवलं. समोर कागद ठेवला, तोही सरकवला. लाल दिवा लागल्यावर ती, दळणाच्या रांगेत उभा राहून माणूस शेजारणीशी बोलतो त्या आवाजात, म्हणाली, "आमच्या मोर्च्यानं युद्ध थांबलं नाही. पण त्याच्यातूनच पुढचा मोर्चा निघाला."

काचेच्या अलीकडे यंत्रावरच्या मुलीनं विचारलं, "पुन्हा एकदा घ्यायचं का, जरा जोर लावून?"

"नको," साहेबच म्हणाले.

माहितीपट सगळ्यांनी पाहिला. त्यात माझा घोडा नव्हता, पृथ्वीचा वळसा नव्हता. मी होतो, खाकरण्यापुरता. आता माझी पंचाईत बघा. मी चहाला गेलो आणि तोंड उघडलं, की लोक म्हणतात, "तंबूचं ना? बघितलं टीव्हीवर." कुणी हसत नाही, कुणी कप खाली ठेवत नाही. इतकी वर्षं जपलेली चांगली गोष्ट त्या दोघींनी मिळून खरी करून टाकली. मी घरी येऊन ताईला तसं बोलूनही दाखवलं.

ती रेडिओ ऐकत होती. बातम्या होत्या. कुठंतरी पुन्हा बँड वाजत होता, पुन्हा मुलं रांगेत उभी होती, या वेळी इकडचीही जाणार होती. तिनं बातम्या शेवटपर्यंत ऐकल्या आणि रेडिओ बंद केला. मग कपाट उघडून त्यातली सगळ्यात जाड, सगळ्यात लांब चादर काढून जमिनीवर अंथरली. तिनं सुरकुती बघितली.

"घरात रंग आहे का?"

"लाल आहे थोडा," मी म्हणालो. "डब्याच्या तळाला."

"पुरेल. भिंगरीला बोलाव. कंडक्टरलाही सांग."

मी ब्रश शोधला, डबा उघडला, काडीनं ढवळला. पहिलं अक्षर काढायला गुडघ्यांवर बसलो, ते बसायलाच मला एक युग लागलं. म्हटलं, "एक सांगून ठेवतो. या वेळी रंग वाळेपर्यंत कापडाला हात लावायचा नाही."

"लावणार," ताई म्हणाली आणि बाही वर सारली.